थिजत्या पोलादाचा हिशेब

मधु,

तुझी ट्रंक मागच्या महिन्यात आली. मी आणि हे जाऊन पार्सल ऑफिसातून सोडवून आणली. तुझ्या खोलीतल्या सोबत्याने सगळं फार निगुतीने बांधून पाठवलं आहे. शर्ट, दाढीचं सामान, स्लाइड रूल, हिशेबाच्या कागदांचा गठ्ठा, माझ्याकडून नेलेलं आणि कधीच परत न केलेलं लॉगचं पुस्तक, आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेला तो लोखंडाचा तुकडा. टांग्यात ट्रंक चढवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. "एवढं जड काय शे यामा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "यामा आप्पा शेत." ते माझ्याकडे बघत राहिले. एरवी मी विनोद करत नाही हे त्यांना माहीत आहे.

माघात गेलास तू. कावीळ झाली होती, पोटात उतरली, असं तुझ्या सोबत्याने लिहिलं. तार आली तेव्हा मी वर्गावर होते, पोरींना व्यस्त प्रमाण शिकवत होते. उदाहरण अर्धवट टाकून घरी आले. तेव्हापासून मला रडू येतं त्याहून जास्त तुझा राग येतो. मी तुझ्यापेक्षा मोठी, आधी जायचा मान माझा होता. पण रांग मोडून पुढे घुसायची सवय तुझी लहानपणापासूनची, मग ती पंगत असो नाहीतर सर्कशीच्या तिकिटाची खिडकी. या वेळी तरी थांबायचं होतंस. आप्पांसाठी थांबायचं होतंस.

भेटायला येणारे म्हणतात, रनाळ्याच्या मिस्तरीचा पोरगा केवढा साहेब झाला होता, पार पूर्वेकडे पोलादाच्या कारखान्यात. मी ऐकून घेते. तू साहेब व्हायला गेलाच नव्हतास हे त्यांना कुठून माहीत असणार? तू एका तुटक्या शाफ्टच्या मागे गेला होतास आणि त्या वाटेने जाता जाता साहेब झालास.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी नीट बोललो नाही, म्हणून आज बोलते. दिवाळीची सुट्टी संपवून तू कॉलेजला परत निघाला होतास. सकाळची पॅसेंजर. कापसाचा हंगाम नुकताच लागला होता आणि आप्पा नंदुरबारच्या जिनिंगमध्ये मिस्तरी. सगळ्या यंत्रांना फिरवणारा लांब शाफ्ट जमिनीखालच्या भुयारात असायचा. भोंगा होण्याआधी भुयारात उतरायचं, बुधली घेऊन एकेका बेअरिंगला तेल घालायचं, मग वर येऊन हात पुसायचे, हा त्यांचा नेम. त्या दिवशी ते तुला पोचवायला स्टेशनवर आले. गाडी उशिरा आली. तू खिडकीतून म्हणालास, "आप्पा, जा तुम्हीन, भोंगा व्हई जाई." ते गेले नाहीत. गाडी हलेपर्यंत उभे राहिले आणि मग धावतच कामावर गेले.

दुपारी भिंतीकडच्या बेअरिंगपाशी शाफ्ट तुटला. पट्टा उसळून वर आला आणि धडगावकडून हंगामाला आलेल्या गोमीचा उजवा हात त्यात सापडला. मनगटापासून गेला. शाफ्ट बदलून, ते बेअरिंग भंगारात फेकून जिनिंग पुन्हा सुरू झालं. हंगामाच्या दिवसांत कोण बघत बसतो काय कशाने तुटलं? लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं की मिस्तरी उशिरा आला, बेअरिंग सुकं राहिलं. आप्पांना कोणी काढलं नाही. त्यांनीच काम सोडलं आणि रनाळ्याला काकांबरोबर शेती करू लागले. मी एकदाच धीर करून विचारलं होतं, तेल घातलं होतं का. ते म्हणाले, "याद करस बेटा. हात दिखस, बुधली दिखस. पन तो त्याच दिनना हात शे का दुसरा दिनना, ते समजत नही." पुढे कधी मी विचारलं नाही. दर वर्षी ज्वारी निघाली की गोमीच्या घरी एक पोतं जायचं. तेही कधी बोलून दाखवलं नाही.

मी हे सगळं तुला पत्रात कळवलं, आणि तू उलट टपाली एवढंच विचारलंस की तुटलेला तुकडा कुठे आहे. एक तुकडा आप्पांनी घरी आणून ठेवला होता, बाकीचा शाफ्ट बेअरिंगबरोबर भंगारात गेला होता. पोराला तुकडा हवा आहे म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते मला आज कळतं. तू उन्हाळ्यात आलास तेव्हा त्यांनी तो धोतराच्या फडक्यातून काढून तुझ्या हातात दिला. "तुन्हा कामना शे ना? मी साफ करी ठेवेल शे. जंग लागाले नको." तुटलेली बाजू त्यांनी कानशीने घासून सपाट केली होती आणि त्यावर पॉलिश पेपर मारून मारून अशी चकचकीत केली होती की तोंड दिसावं. साहेब होणाऱ्या पोराला खडबडीत वस्तू कशी द्यायची? मिस्तरी माणूस, दुसरं काय करणार होता?

तू तो तुकडा दोन्ही हातांत धरलास. "चांगलं करं आप्पा," एवढंच म्हणालास. मग गोठ्यामागे जाऊन बराच वेळ उभा राहिलास. मी मागे आले तर तुझे डोळे लाल. कॉलेजात वाचलं होतंस ते तू मला सांगितलंस, की लोखंड जिथे तुटतं तिथेच सगळं लिहिलेलं असतं. जुनी चीर हळूहळू वाढत गेली असेल तर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं दिसतात, आणि त्यांच्या मध्यावर बघितलं की चीर कुठून निघाली ते कळतं. लोखंडाच्या पोटात काही मळ होता की बेअरिंग तापून शाफ्ट एकाएकी गेला, तेही कळतं. ते सगळं आप्पांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. "अक्का, आप्पाले हाई कधीच सांगू नको," तू म्हणालास. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

इंटरनंतर तू धातूंचं शिक्षण घेतलंस ते यामुळे. तुटलेली बाजू बोलत नाही ना, मग ह्या पोलादाला त्याच्या जन्माचीच गोष्ट विचारतो, असं तुझं म्हणणं. तुकड्याची एक चकती कापून, घासून तू ती सूक्ष्मदर्शकाखाली धरलीस. आत करड्या रंगाचे बारीक लांबट दोरे, मध्याकडे जास्त दाट. गंधक आणि मँगनीज एकत्र येऊन झालेला मळ तो, आणि त्याच्यात अधूनमधून काचेसारखे काळे ठिपके. पोलादात असून पोलाद नसलेले. मला तू ते सगळं इतकं समजावलंस की आज मी झोपेतही म्हणून दाखवीन. पोलादाचा रस एकदम थिजत नाही. कडेने थिजायला लागतो, झाडासारख्या फांद्या फुटत आत येतो. आधी थिजणारा भाग सोवळ्यातला. गंधक, प्राणवायू स्वतःत फारसे घेत नाही, उरलेल्या रसात ढकलतो. रस कमी होत जातो, त्यातला मळ दाट होत जातो. शेवटी फांद्यांच्या बेचक्यात अडकलेल्या रसाला तो पेलवेनासा होतो आणि त्याचे कण सुटे होऊन तिथेच बसतात. पुढे पोलाद लाटलं की तेच कण ताणले जाऊन दोरे होतात.

हे सगळं कागदावर मांडता येईल असा तुझा हट्ट. रसाचे बारीक बारीक हिस्से पाडायचे. एक हिस्सा थिजला की उरलेल्यात गंधक किती, मँगनीज किती, ते काढायचं, आणि मग पुढचा हिस्सा. दोघांचा गुणाकार मर्यादेच्या बाहेर गेला की तिथे कण जन्मला. प्रत्येक पायरीला लॉग बघा, बेरीज करा, उलटे लॉग बघा. इतकी आकडेमोड करायला तुला कोणी मिळेना, म्हणून तुला एकाएकी आठवलं की आपली बहीण गणिताची मास्तरीण आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की मी रनाळ्याला, तू रजा काढून रनाळ्याला. दुसऱ्या बायका अक्षय तृतीयेला, आपल्या अखाजीला, माहेरी येऊन झोक्यावर बसायच्या, आणि मी ओसरीवर लॉगच्या पुस्तकात डोकं घालून बसायचे. काकू म्हणायच्या, "हाई सासरले बी असीच बससी का?" अंगणात कुरडया वाळत असायच्या, वारा सुटला की आपले कागद कुरडयांवर जाऊन पडायचे, आणि काकूंचं तोंड सुरू व्हायचं. मग आप्पांनी जुने नट आणून कागदांवर ठेवायला दिले.

मधु, ते आप्पा. आपण त्यांना कधी सांगितलं नव्हतं हा हिशेब कसला ते. तरी ते रोज खांबाला टेकून बसायचे आणि बघत राहायचे. मी आकडा सांगायचे, तू लिहायचास, आणि ते एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तुझ्या हाताकडे बघायचे. दवाखान्याच्या बाहेर बाकावर माणसं बसतात तसे. त्यांना सगळं माहीत होतं. एकदा पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं होतं, "काय म्हनस ते?" तू म्हणालास, "अजून काही म्हनत नही आप्पा." ते बरं म्हणाले आणि तांब्या झाकून आत गेले.

हसण्याचेही दिवस होते, नाही असं नाही. एका हिवाळ्यात तू पंधरवडाभर आला होतास. मी तुझ्याशी वाद घातला की डोळ्यांना दिसल्याशिवाय मला तुझं थिजणं पटत नाही. तर तू काकांच्या गुऱ्हाळात जाऊन कढईतला उकळता पाक मळी न काढता बादलीत ओतून घेतलास, आणि दुसऱ्या दिवशी ती ढेप करवतीने उभी चिरलीस. कडेला पिवळाधमक गूळ आणि मध्याकडे काळपट घाण. तू ती फाळकी घेऊन गल्लीभर नाचलास. काका कपाळावर हात मारून म्हणाले, "शिकी शिकीसन येडा हुयना हाऊ." मी तेव्हाही म्हटलं होतं की गूळ म्हणजे पोलाद नव्हे. आणि तू म्हणालास की मास्तरीण म्हणजे शत्रू असते. लग्नाच्या पोरी सांगून यायच्या, तेव्हाही तुझं एकच, आधी हिशेब होऊ दे. एका मुलीच्या बापाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे का. मी नाही म्हणाले, पण खोटं बोलल्यासारखं वाटलं.

आपला खरा वाद वेगळाच होता आणि तो तसाच राहिला. तू धरून चालायचास की उरलेला रस सतत नीट ढवळलेला असतो, सगळीकडे सारखा. मी म्हणायचे, कशावरून? बेचक्यातला रस बाहेरच्या रसात मिसळतो हे तुला कोणी सांगितलं? आणि मळ काय फक्त आतूनच येतो? ज्या भांड्यातून रस ओतला त्याच्या विटा झिजून त्यात पडल्या नसतील? तू चिडायचास. "अक्का, काही तरी धरीसनच चालनं पडस." तेव्हा मी म्हटलं होतं, "मंग आप्पानी चूक नही हाई धर ना. तेवढं धरीसन चाल." तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

आणि मग ही गेलेली दिवाळी. तू आलास तो थकलेला, डोळ्यांखाली काळं. कारखान्यात तुम्ही लहान ठोकळे ओतून, चिरून बघितले होते. काहींत मळ तुझ्या हिशेबाने सांगितला तिथेच होता, काहींत नव्हता. विटांचे तुकडे सापडले होते, म्हणजे माझं म्हणणंही थोडं खरं निघालं होतं. तू म्हणालास, अजून काही वर्षं लागतील. तेव्हा मी सगळं बोलून घेतलं. तुझ्या पोलादाला घाई नाही, आप्पांना आहे. त्यांना कागद नको आहे, त्यांना तुझ्या तोंडून एक वाक्य हवं आहे. चूक तुमची नव्हती, शाफ्ट मुळातच खोटा होता. एवढं म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं, असंही मी रागात म्हणाले.

तू पोळीचा तुकडा मोडून ताटातच ठेवलास. मग म्हणालास, "अक्का, माले जे उत्तर पायजे तेच येई ऱ्हायनं. म्हनीसन माले भ्याव वाटस." तू पुढे म्हणालास, "त्या दिन आप्पा मन्हासाठे टेसनवर उभा ऱ्हायनात. शाफ्ट खोटा निंघना तं मी सुटनू. मंग मन्हा हिसाबवर मी कसा भरोसा ठेवू?"

हे तू मला तोवर कधी सांगितलं नव्हतंस. मी समजत होते की तू आप्पांना सोडवतो आहेस. तू दोघांना सोडवत होतास, आणि स्वतःवर विश्वास नसल्यामुळे कोणालाच सोडत नव्हतास. मला तेव्हा तुझ्या पाठीवर हात ठेवायचा होता. पण आपल्या घरात मोठ्या भावंडांचे हात जेवण वाढायला असतात. मी तुला आणखी एक पोळी वाढली. स्टेशनवर आप्पा आले नाहीत, शाफ्ट तुटला त्या दिवसापासून ते कधीच आले नाहीत. मी आले होते. गाडी सुटताना तू म्हणालास की मे महिन्यात ढवळण्याचं गणित बदलून बघू, माझ्या म्हणण्याप्रमाणे. मला फार बरं वाटलं होतं.

ट्रंकेतल्या कागदांत ते बदललेलं गणित आहे. माझ्या म्हणण्याप्रमाणे सुरू केलेलं. मध्येच थांबलेलं. बहुतेक ताप चढला असेल, अक्षर वाकडं होत गेलं आहे. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले तशी मी रोज शाळेतून आले की त्याच ओळीपासून पुढे बसत गेले. तू नसताना आकडे सांगायला आणि लिहायला मी एकटीच. चुकले की रागावायला कोणी नाही. शेवटच्या हिश्शापर्यंत नेलं मी ते. मधु, मळ होता. तुझ्या रीतीने होता, माझ्या रीतीनेही होता. ज्या पोलादाचा तो शाफ्ट, त्याच्या पोटात शेवटच्या रसात भरपूर मळ सुटला असणार, यात मला शंका नाही. पण त्या दुपारी चीर त्या मळातून निघाली की सुक्या बेअरिंगमुळे, हे तुझ्या हिशेबात नाही, माझ्याही नाही. ते फक्त त्या तुटलेल्या बाजूवर होतं. तू हे पहिल्यापासून जाणून होतास ना? आणि तरी इतकी वर्षं पायऱ्या वाढवत बसलास. मला तुझी कीव आली आणि अभिमान वाटला, दोन्ही एकदम. तुझ्यामुळे मी, नंदुरबारच्या कन्याशाळेतली एक मास्तरीण, पोलाद कसं जन्मतं ते बघून आले. दुसऱ्या कोणी मला तिथे नेलं नसतं.

काल अखाजी झाली. आपल्याकडे या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, आणि घागर भरायची ती मुलाने बापाची. आप्पांनी तुझी भरली. मातीची नवी घागर, वर खरबूज. मी घागरीला धरायला गेले, तर त्यांनी नको म्हटलं. निखाऱ्यांवर घास टाकून आगारी झाली, चार माणसं जेवून गेली, काकू आत भांडी आवरत होत्या. आप्पा घागरीपाशीच बसून राहिले होते. मी जाऊन शेजारी बसले. मी ठरवून गेले होते, मधु. तुला राग येईल हे धरूनच गेले होते. तू आयुष्यभर खरं बोलण्याची वाट बघितलीस आणि वाट बघतच गेलास. आप्पांच्या हातात तेवढी वर्षं नाहीत.

मी म्हटलं, "आप्पा, मधुना हिसाब पुरा हुयना. तुम्हनी चूक नव्हती. शाफ्टना पोटमाच खोट व्हती."

त्यांनी खरबुजावर बसलेली माशी हाताने उडवली. मग विचारलं, "त्यानी सांगं?"

"हां. त्यानीच सांगं."

त्यांनी खरबूज घागरीवर नीट बसवलं. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "खोटं बोली ऱ्हायनी तू. पुरा हुयना ऱ्हाता तं त्यानी माले गई दिवाईलेच सांगं ऱ्हातं. तो मन्हापाईन काही लपाडे नही."

मला वर बघवेना. मी उठायला लागले, तर त्यांनी माझ्या मनगटाला धरून खाली बसवलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"बस," ते म्हणाले. "आखो एक डाव सांग."

मी पुन्हा सांगितलं.